स्लॅब टाकू का?

मागच्या पोळ्याला आजोळी गेलो होतो. बैल मिरवून झाले, पुरणपोळी झाली, आणि संध्याकाळी ओसरीतल्या खाटेवर बसत मामांनी विचारलं, "खाणीचं सॉफ्टवेअर तुमच्याच कंपनीत बनते म्हणे ना? मंग मले एक सांग. खाण आपल्या घरापावतर येते का नाही येत? स्लॅब टाकू का नोको टाकू?"

मामांचं घर वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे, कोळशाच्या पट्ट्यात. भिंती उठल्यात, कॉलम भरलेत, आणि कॉलमच्या डोक्यातून बाहेर आलेले गज दोन वर्षांपासून पावसात गंजतायत. कारण दोन वर्षांपूर्वी शेतात ड्रिलिंगवाले आले. गावात 'सेक्शन चार लागलं' अशी बातमी फिरली. सेक्शन चार म्हणजे कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७, यातलं कलम ४. या जमिनीखाली कोळसा असू शकतो, आम्ही शोध घेणार आहोत, एवढंच ते सांगतं. शोधानंतर सरकारला जमीन हवीशी वाटली तर दोन वर्षांत, फार तर तीन, कलम ७ खाली तसा इरादा जाहीर करावा लागतो. मग हरकतींसाठी तीस दिवस. मग कलम ९, म्हणजे जमीन गेली. मामांचं घर तेव्हा चार आणि सातच्या मधे उभं होतं.

मी म्हटलं, "पाहून सांगतो."

खरं तर माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. पुण्यात मी ज्या कंपनीत काम करतो ती खाणींचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर बनवते आणि त्यातला माझा तुकडा नेमका हाच आहे: खाण कुठे थांबावी ती रेषा काढणं. चार वर्षं मी हा कोड जलद करतोय. कुणाच्या घरासाठी तो चालवून बघावा असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्यापर्यंत येतात ते ठोकळे. निळे, पिवळे, लाल. कुठल्या देशातले हेही कधीकधी माहीत नसतं. पुण्याला परतल्यावर मी या रेषेचा इतिहास वाचायला लागलो. मामांना उत्तर द्यायचं होतं, आणि थोडी लाजही वाटली होती.

दहावीच्या विज्ञानात खनिज आणि धातुक यांतला फरक आपण पाठ केलेला असतो. ज्या खनिजापासून धातू किफायतशीरपणे काढता येतो ते धातुक. पाठ करताना 'किफायतशीर' या शब्दावर कुणी थांबत नाही. एक मार्काची व्याख्या. पण हा सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द भूगर्भशास्त्राचा नाही, हिशेबाच्या वहीतला आहे.

१८९९ मध्ये डॅनियल जॅकलिंग आणि रॉबर्ट गेमेल या दोन इंजिनिअरांनी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यनबद्दल एक अहवाल लिहिला. तिथल्या डोंगरात तांबं होतं, पण शंभर किलो दगडात जेमतेम दोन किलो, आणि तेही सगळीकडे विखुरलेलं, खिचडीतल्या मोहरीसारखं. त्या काळची तांब्याची खाण म्हणजे चांगली जाड शीर शोधायची आणि तिच्यामागे बोगदा खणत जायचं. जॅकलिंग म्हणत होता, शीर सोडा, अख्खा डोंगरच वरून खणा. रोज हजारो टन उचला, म्हणजे टनामागचा खर्च इतका खाली येईल की दोन टक्केही परवडतील. खाणधंद्यातल्या एका मान्यवर नियतकालिकाला ही कल्पना हास्यास्पद वाटली. १९०३ मध्ये युटा कॉपर कंपनी स्थापन झाली आणि १९०६ मध्ये डोंगरावर वाफेचे फावडे चढले. आज तो डोंगर नाही. त्या जागी सुमारे चार किलोमीटर रुंद आणि किलोमीटरभराहून खोल खड्डा आहे, आणि आता तिथे दोन टक्क्यांच्या कितीतरी खालचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा दगडही 'धातुक' म्हणून उचलला जातो.

१८९९ ते १९०६ या सात वर्षांत त्या डोंगरातला एक कणही बदलला नव्हता. बदलला तो टनामागचा खर्च. आणि तेवढ्यावर दगडाचं धातुक झालं.

पण मग पुढचा प्रश्न येतो. खणायचं तर कुठपर्यंत? लहानपणी बांधकामाच्या रेतीच्या ढिगात ज्यांनी खड्डा केलाय त्यांना याची अडचण लगेच कळेल. खड्डा सरळ खाली जात नाही. हात खाली घातला की कडा ढासळतात. अजून एक वीत खोल जायचं तर तोंड दोन वीत रुंद करावं लागतं. खाणीचं तसंच. खडक रेतीपेक्षा मजबूत असतो, पण त्याचाही एक कोन असतो आणि त्याहून उभी भिंत टिकत नाही. त्यामुळे तळातला एक टन काढायचा तर त्याच्या वरचा उलट्या शंकूच्या आकाराचा सगळा दगड हलवावा लागतो. त्या एका टनाने स्वतःचा खर्च भागवायचा आणि वरच्या निकामी दगडाचाही.

कॉम्प्युटर येण्याआधी ही रेषा हाताने काढली जाई. डोंगराचे उभे छेद कागदावर काढायचे, प्रत्येक छेदावर खड्ड्याची कड पेन्सिलीने आखायची, प्लॅनिमीटर फिरवून क्षेत्रफळ मोजायचं, कड थोडी बाहेर सरकवायची, पुन्हा मोजायचं. शेवटची पातळ फोड जेव्हा स्वतःपुरतं जेमतेम कमावते तिथे थांबायचं. मग शेजारच्या छेदावर तेच. मग कळायचं की या दोन छेदांवरच्या कडा एकमेकींना जुळतच नाहीत, कारण खड्ड्याला तिसरी मितीही असते. मग खोडरबर. आणि हे सगळं पुरं होईपर्यंत लंडनच्या बाजारात तांब्याचा भाव बदललेला असायचा.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम कॉम्प्युटरवर गेलं. बिंगहॅम तोवर केनकॉट या कंपनीकडे आली होती, आणि याच कंपनीत 'तरता शंकू' नावाची पद्धत निघाली. डोंगराचे एकसारखे ठोकळे कल्पायचे. प्रत्येक ठोकळ्याला किंमत द्यायची: धातू असेल तर अधिक, नुसता दगड असेल तर उणे. मग धातूच्या एकेका ठोकळ्यावर उलटा शंकू ठेवून बघायचं, बेरीज अधिक आली की तो शंकू खणायचा. कल्पना सोपी आहे, आणि चुकते. कशी, ते एका लहान उदाहरणाने सांगतो. कोड लिहिणाऱ्याला हे उदाहरण पहिल्या दिवशी दाखवतात. मलाही दाखवलं होतं.

जमिनीचा एकच उभा छेद घ्या. तीन थर. नुसत्या दगडाचा एक ठोकळा हलवायला एक लाख लागतात. तिसऱ्या थरात धातूचा एक ठोकळा आहे, स्वतःचा खर्च वजा जाता सात लाखांचा. तो काढायला दुसऱ्या थरातले तीन आणि पहिल्या थरातले पाच, असे आठ ठोकळे हलवावे लागतात. सात वजा आठ, एक लाख तोटा. नको. त्याला लागूनच तसाच दुसरा ठोकळा आहे. त्याचंही तेच, सात वजा आठ. नको. तरता शंकू इथे हात झटकून पुढे जातो. पण दोन्ही एकदम काढले तर? वरचे सहा ठोकळे दोघांत सामाईक आहेत. म्हणून सोळा नाही, फक्त दहा हलवायचेत. चौदा वजा दहा, चार लाख नफा. एकट्याने जे परवडत नाही ते दोघांना मिळून परवडतं. हे दोन ठोकळ्यांचं झालं. खऱ्या मॉडेलमध्ये लाखो असतात आणि कोण कोणाबरोबर खर्च वाटून घेईल याच्या जोड्या मोजायला बसलात तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

हा गुंता १९६५ मध्ये सुटला. हेल्मुट लर्च्स आणि इंगो ग्रॉसमन यांनी कॅनडातल्या खाण-संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. आठेक पानांचा. ग्रॉसमन माँट्रियलमध्ये आयबीएम कंपनीत होते. त्यांनी डोंगर विसरून फक्त नाती ठेवली: हा ठोकळा काढायचा तर आधी ते काढावे लागतील. ठोकळे म्हणजे बिंदू, 'आधी ते' म्हणजे बाण. मग प्रश्न एवढाच उरतो की असा गट निवडा ज्यातून एकही बाण बाहेर जात नाही आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी आहे. त्यांनी दिलेली रीत हमखास उत्तर देते. बऱ्यापैकी नव्हे, सर्वांत चांगलं, आणि ते तसं आहे हे सिद्ध करून. आमच्या क्षेत्रात अशा गोष्टी फार कमी असतात. आम्ही बहुतेक वेळा 'चालतंय ना' यावर समाधानी असतो.

पुढे १९७६ मध्ये जाँ-क्लोद पिकार यांनी दाखवलं की हाच प्रश्न जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह पाठवण्याच्या प्रश्नासारखा सोडवता येतो. म्हणजे असं समजा की धातूच्या प्रत्येक ठोकळ्याकडे पैशाची टाकी आहे आणि वरचा प्रत्येक दगड आपला खर्च मागतोय. पैसे फक्त बाणांच्या दिशेने, खालून वर जातात. जितके पाठवता येतील तितके पाठवा. सगळ्यांचे खर्च भागवूनही ज्या टाक्यांत पैसे उरतात, त्या आणि त्यांच्यावरचं सगळं म्हणजे खाण. बाकी जमीन जागेवर राहते.

प्रवाहाच्या या गणिताचं मूळ वाचून मी जरा चपापलो. फोर्ड आणि फल्करसन यांचा १९५६ चा प्रसिद्ध निबंध प्रत्येक कॉम्प्युटर इंजिनिअरच्या अभ्यासक्रमात असतो. तो ज्या प्रश्नातून निघाला तो १९५५ च्या एका गोपनीय अमेरिकन अहवालातला होता. हॅरिस आणि रॉस यांनी सोव्हिएत रेल्वेचं जाळं मांडलं होतं, ४४ ठाणी आणि १०५ दुवे, आणि विचारलं होतं की पूर्व युरोपकडे जाणारी मालवाहतूक तोडायची तर कमीत कमी कुठे घाव घालावा. अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. कॉलेजात आम्हाला हे शिकवलं तेव्हा उदाहरणात पाण्याचे पाइप होते.

लर्च्स-ग्रॉसमन रीत बरोबर होती, पण तेव्हाच्या यंत्रांना जड होती. ती खाणींच्या ऑफिसांपर्यंत पोहोचली १९८० च्या दशकात, मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या जेफ व्हिटल यांच्या प्रोग्रॅममुळे. व्हिटल यांनी जी गोष्ट रूढ केली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी एका भावावर एक रेषा काढून समाधान मानलं नाही. भाव तीस टक्के धरून चालवा, मग चाळीस, मग पन्नास, असं करत शंभराच्या पुढेही जा. प्रत्येक भावाला एक खड्डा मिळतो, आणि प्रत्येक खड्डा आधीच्याला पोटात घेतो. कांद्याच्या पाकळ्यांसारखे. सर्वांत आतला खड्डा म्हणजे भाव कितीही पडला तरी परवडणारी मलई, तिथून सुरुवात करायची. सर्वांत बाहेरची पाकळी भाव चढला तरच. म्हणजे 'खाणीची हद्द' नावाची एक रेषा मुळी नसतेच. पाकळ्यांचा एक गड्डा असतो, आणि आज बाजार कोणत्या पाकळीवर बोट ठेवतोय एवढाच प्रश्न असतो.

त्यात वेळही येतो. वरचा दगड आज हलवायचा असतो, खालचं धातुक कदाचित वीस वर्षांनी मिळणार. दरसाल दहा टक्के व्याजदर धरला तर वीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आजचे पंधरासुद्धा नाहीत. त्यामुळे व्याजाचा हिशेब घातला की खड्डा सहसा आकसतो. ऐकायला बरं वाटतं. पण याच हिशेबात तीस वर्षांनी खड्डा बुजवून जमीन सारखी करायचा शंभर रुपयांचा खर्च आज पावणेसहा रुपये दिसतो. पहिल्यांदा मी ते आउटपुट पाहिलं तेव्हा वाटलं बग आहे. बग नव्हता.

हे झालं उघड्या खाणीचं. जमिनीखालच्या खाणीचा हिशेब वेगळा, आणि माझे आजोबा त्या हिशेबातले.

आईचे वडील कोळशाच्या भूमिगत खाणीत होते. राष्ट्रीयीकरण झालं १ मे १९७३ ला, त्याच्या आधीपासून. भूमिगत खाणीत वरचा दगड हलवायचा नसतो, म्हणून खर्चाचा शंकू नाही. पण त्याच्या जागी दुसरं बंधन येतं: सगळं काढता येत नाही. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी कोळशाचा थर पंधरा-वीस मीटर जाड आहे. त्यात गल्ल्या काढत जायचं आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, म्हणजे छत तोलून धरलं जातं. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक कोळसा खांबांतच राहतो. शिवाय हद्दीच्या आत साडेसात मीटरचा पट्टा अबाधित ठेवायचा. रेल्वे, सार्वजनिक रस्ता, दुसऱ्याच्या मालकीची इमारत यांच्यापासून पंचेचाळीस मीटरच्या आत परवानगीशिवाय काम न्यायचं नाही. आजोबा खांबाला 'पिलर' म्हणत आणि आम्हा पोरांना घरातल्या वासाला लटकताना पाहिलं की ओरडत, "पिलरले हात नाई लावाचा!" आम्हाला वाटायचं हा म्हाताऱ्याचा चक्रमपणा.

भूमिगत खाण किती खोल जाऊ शकते? कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरच्या पुढे गेल्या होत्या. १८८० च्या दशकात जॉन टेलर कंपनीने सुरू केलेलं ते काम २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झालं. सोनं संपलं होतं का? नाही. टनामागे काही ग्रॅम अजून निघत होतं, पण तेवढ्या खोलीवरून वर आणायला निघत होतं त्याहून जास्त पैसे लागत. आणि तेव्हा सोन्याचा भाव वीसेक वर्षांतल्या तळाशी होता, औंसाला सुमारे २७० डॉलर. २०२० मध्ये तो दोन हजारांच्या वर गेला. म्हणजे कोलार ज्या भावावर बंद झालं त्याच्या सातपट. पण तोवर पंप बंद होऊन खाणीत पाणी भरलं होतं. रेषा कागदावर पुढे-मागे सरकते. पाणी भरलेली खाण आणि पांगलेली माणसं तेवढ्या सहज मागे येत नाहीत.

कोळशाचं उलटं झालं. राष्ट्रीयीकरणाच्या काळात देशातला बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून येत होता. आज कोल इंडियाच्या शंभर टनांतले पंच्याण्णवहून जास्त ओपनकास्टचे. मोठे फावडे, मोठे डंपर आले आणि एक घनमीटर माती हलवायचा खर्च पडला. कोळशात याला माती-कोळसा गुणोत्तर म्हणतात: एक टन कोळशामागे किती घनमीटर 'ओबी', म्हणजे वरची माती-दगड. जे गुणोत्तर काल परवडत नव्हतं ते आज परवडू लागलं, आणि भूमिगत-उघडी यांच्यामधली खोलीची सीमा खाली सरकली. आजोबांची खाण बंद झाल्यावर काही वर्षांनी तिच्याच डोक्यावरून ओपनकास्ट सुरू झाली. असं बऱ्याच ठिकाणी झालंय: जुन्या गल्ल्या वरून उघड्या पडतात आणि सोडलेले खांब फावड्याने उचलले जातात. आजोबा तेव्हा हयात होते. मामा त्यांना मोटरसायकलवर बसवून बघायला घेऊन गेले. भिंतीत त्यांच्या गल्ल्यांची काळी तोंडं दिसत होती म्हणे, रांगेने. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पिलर नेऊन राह्यले." बस्स एवढंच.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी नागपुरात इंजिनिअरिंग केलं. आमच्याकडे 'आयबीएम' म्हटलं की ऑटोवाला कॉम्प्युटर कंपनीकडे नेत नाही, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या ऑफिसकडे नेतो. १९४८ मध्ये स्थापन झालेलं हे केंद्र सरकारचं कार्यालय नागपुरातच आहे. माँट्रियलच्या आयबीएममध्ये खाणीची रेषा काढायचं गणित झालं, आणि नागपूरच्या आयबीएमने रेषेचा एक आकडा ठरवला. २००९ मध्ये या ब्युरोने हेमटाइट प्रकारच्या लोहखनिजाची किमान पातळी ४५ टक्के लोह अशी ठरवली. त्याच्या वरचं खनिज, खालचं टाकाऊ. गोव्याकडे बघितलं की या आकड्याचं वजन कळतं. गोव्याचं लोहखनिज मुळात हलक्या प्रतीचं. दशकानुदशकं तिथल्या खाणींनी कमी लोहाचा माल निकामी म्हणून बाजूला टाकला आणि त्याचे डोंगर झाले. मग चीनची मागणी चढली, आणि काल जो डंप होता तो जहाजात भरून निघाला. पुढचं माहीत आहेच: शाह आयोग, २०१२ ची खाणबंदी, सर्वोच्च न्यायालय. त्यातल्या बेकायदा गोष्टींबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्या डंपांच्या डोंगरांचं जास्त वाटतं. ते एकाच जागी उभे राहून आधी कचरा होते, मग माल झाले.

आणि बिंगहॅम? तिथे एक गाव होतं, खाणीच्याच नावाचं. अरुंद दरीत एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, ग्रीक, इटालियन, जपानी, स्लाव कामगारांची. भरभराटीच्या काळात तिथे हजारो लोक राहत. खड्ड्याची कड पाकळी-पाकळीने बाहेर सरकत गेली आणि कंपनी एकेक घर विकत घेत गेली. १९७१ मध्ये गावात ३१ माणसं उरली होती. त्यांनी मतदान करून नगरपालिका विसर्जित केली. ११ विरुद्ध २. पुढच्या वर्षी उरलेल्या इमारती पाडल्या. मी त्या दोन मतांचा अधूनमधून विचार करतो.

१० एप्रिल २०१३ च्या रात्री त्याच खाणीची एक भिंत कोसळली. दीड तासाच्या अंतराने दोन वेळा, मिळून चौदा कोटी टनांहून जास्त दगड. मोजणीयंत्रांना भिंत सरकताना आधीच दिसली होती, माणसं बाहेर काढलेली होती, कुणालाही इजा झाली नाही. कोनाचा अंदाज चुकला तर काय होतं याचं उदाहरण म्हणून आमच्याकडे ते दाखवतात. अंदाज शेवटी माणसांनीच भरलेला असतो.

एका रविवारी मी मामांच्या गावाचं मॉडेल बनवलं. खरी बोअरहोलची माहिती माझ्याकडे नव्हती आणि असती तरी ती वापरायचा मला हक्क नव्हता. म्हणून थर कल्पनेने आखला: एका बाजूला उथळ, गावाकडे उतरत जाणारा. खर्चाचे आकडे ढोबळ. मामांचं घर एका ठोकळ्यावर ठेवलं. मग भाव बदलत रेषा काढत गेलो. एका भावाला रेषा नाल्याच्या अलीकडे थांबली. पंधरा टक्के वाढवला, नाला ओलांडला. पंचवीसला घर आत.

मग मी ते केलं जे आमच्या प्रोग्रॅममध्ये कुणालाही एका क्लिकवर करता येतं: घराभोवती बहुभुज काढून त्याला 'वर्ज्य' म्हटलं. रेषा मुकाट्याने वळसा घालून गेली. नदी, रेल्वे, संरक्षित जंगल यांच्यासाठी ही सोय असते. त्यांच्याभोवतीचा बहुभुज गणित सुरू व्हायच्या आधीच फाइलमध्ये आलेला असतो. ज्याच्याभोवती तो नसतो त्याची फक्त किंमत भरायची असते, पुनर्वसन खर्च म्हणून, उणे चिन्ह लावून. मामांच्या घराच्या ठोकळ्यात मी आकडा टाकला. आधी बांधकामाचा खर्च. मग विहीर. मग चिंचेचं झाड. मग आजोबांची राख ज्या नाल्यात सोडली त्याचं काय लिहायचं ते कळेना, तो रकाना शून्यच ठेवला. आकडा वाढवला तसा घर आत जाण्याचा भाव पंचवीसवरून अठ्ठावीस टक्क्यांवर गेला. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून तीन टक्के रोखून धरले. प्रोग्रॅमने उत्तर द्यायला एक सेकंदही घेतला नाही. तेवढा जलद तो मीच केलाय.

रात्री मामांना फोन केला. सगळं सांगायचा प्रयत्न केला. ठोकळे, पाकळ्या, भाव. म्हटलं, "मामा, हे खरं मॉडेल नाही, माझा अंदाज आहे. पण एवढं दिसतंय की कोळशाचा भाव आहे तितकाच राहिला तर खाण नाल्याच्या अलीकडे थांबते. भाव वाढला तर येते."

मामा थोडा वेळ गप्प होते. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

"भाव तर वाढतेच ना बाप्पा," ते म्हणाले. "कधी कमी झालेला पाह्यला का तू?"

मी म्हटलं, कधीकधी होतो. कोलारचं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मामांनी स्लॅब टाकला नाही. टिना टाकल्या, लोखंडी अँगलवर, नटबोल्ट लावून. मामी म्हणाली उन्हाळ्यात भाजून निघू. मामा म्हणाले, निघतात तरी, काढून नेता येते. कॉलमचे गज कापायला मिस्त्री आला होता. त्याला त्यांनी परत पाठवलं. टिनेला भोकं पाडून गज तसेच वर ठेवलेत, आणि पाणी गळू नये म्हणून त्यांच्याभोवती डांबर लावलंय.